पोस्टग्रेस टाकलंय, पण मलाच आत घेत नाहीये

नवशिकी
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही, हिशेबवाली आहे. सभासदांच्या ११ वर्षांच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत, सगळ्या मिळून साडेचार लाखांच्या आसपास ओळी, आणि आता एक व्हीलूकअप खाली ओढला की लॅपटॉपचा पंखा विमान उडाल्यासारखा सुटतो. ऑफिसातला एक मुलगा म्हणाला डेटाबेस टाका, पोस्टग्रेस फुकट असतं, सोबत डीबीव्हर टाका म्हणजे टेबलं डोळ्यांनी बघता येतील.

तर शनिवारी बसून विंडोजवर पोस्टग्रेस १७ टाकलं. नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. मधे पासवर्ड मागितला तो दिला, वहीत लिहूनही ठेवला. डीबीव्हर उघडून तोच पासवर्ड घातला तर म्हणे 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर पोस्टग्रेस'. काढून परत टाकलं, नवा पासवर्ड. तेच. तिसऱ्यांदा नुसता १२३४ दिला, तरी तेच!

दोन प्रश्न. हे असं का होतंय? आणि माझ्यासारखीने पोस्टग्रेसच घ्यावं की मायएसक्यूएल बरं पडेल?

अर्धविराम
कॅप्स लॉक बघितलं का? (हलके घ्या)

नवशिकी
१२३४ ला कसलं कॅप्स लॉक हो!

अर्धविराम
दंडवत. मी जातो.

टोळभैरव
साडेचार लाख ओळींसाठी सर्व्हर कशाला बसवताय? एसक्यूलाइट घ्या. सर्व्हर नाही, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. पेनड्राइव्हवर टाकून न्या. तुमचा पहिला प्रश्नच शिल्लक राहत नाही. डीबीव्हरमधून तीही उघडते.

जुनं_खोड
टोळभैरव, अर्धं अनुमोदन. पण आधी हे विचारा की ही फाइल किती जण एकाच वेळी भरणार आहेत. एसक्यूलाइटमध्ये वाचणारे कितीही चालतात, लिहिणारा मात्र एका वेळी एकच, बाकीचे दाराबाहेर. आणि ती फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून चौघांनी उघडणं म्हणजे हातानं खड्डा खणणं. शिवाय आकड्याच्या कॉलममध्ये कोणी 'नंतर बघू' असं लिहिलं तरी ती निमूट ठेवून घेते. २०२१ नंतरच्या आवृत्तीत टेबल 'स्ट्रिक्ट' करता येतं, पण ते आपणहून सांगावं लागतं.

नवशिकी
सध्या मी एकटीच. पण पुढे आम्ही तिघी भरू, तेही एकाच वेळी. आणि 'नंतर बघू' लिहिणारी आमच्यात आहे, नाव सांगत नाही.

जुनं_खोड
मग सर्व्हरच. आता दुसरा प्रश्न. मायएसक्यूएल १९९५ सालचं. ज्या मोंटी वाइडेनियस यांनी ते सुरू केलं त्यांच्या एका मुलीचं नाव माय, दुसरीचं मारिया. २००८ मध्ये सन नावाच्या कंपनीने मायएसक्यूएल विकत घेतलं, २०१० मध्ये सनच ऑरेकल कंपनीच्या पोटात गेलं, आणि हे सगळं चालू असताना २००९ मध्येच मोंटींनी त्याच कोडवरून फांदी काढून मारियाडीबी उभं केलं. म्हणजे थोरलीचं लग्न मोठ्या घरात झालं आणि धाकटी बापाकडे राहिली, असं समजा.

पोस्टग्रेस घराणं वेगळं. १९८६ पासून बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांचा प्रकल्प. त्यांच्या आधीच्या डेटाबेसचं नाव इंग्रेस, त्याच्या नंतरचं म्हणून पोस्टग्रेस. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, त्यात नंतर आली आणि १९९६ मध्ये नावाला 'क्यूएल' शेपूट लागलं. कंपनी मालक नाही, त्यामुळे विकलं जायची भीती नाही. हिशेबाच्या कामाला मी पोस्टग्रेसच म्हणेन. चुकीची तारीख घातली तर तोंडावर नाही म्हणतं.

भुईनळा
खोडकाका, मायएसक्यूएलसुद्धा आता स्ट्रिक्ट मोडमध्येच येतं, ३० फेब्रुवारी घालून बघा, घेत नाही. जुन्या जखमा किती दिवस उगाळणार?

माझी तक्रार वेगळीच आहे. घरच्या विंडोजवर मारियाडीबीत तीन महिने प्रोजेक्ट केला, टेबलाचं नाव कुठे कॅपिटल कुठे स्मॉल, सगळं सुरळीत. लिनक्सच्या सर्व्हरवर चढवलं आणि अर्धी टेबलं 'नाहीतच' म्हणे. विंडोजवर नावातलं लहानमोठं अक्षर एकच धरलं जातं, लिनक्सवर नाही. आदल्या रात्री कळलं हे. तेव्हापासून सगळी नावं स्मॉलमध्येच.

डबाबंद
एवढी चर्चा चाललीये आणि डॉकरचं नाव कोणीच घेत नाही? त्यात प्रोग्राम आपल्या वेगळ्या डब्यात चालतो. एक कमांड, पोस्टग्रेस चालू. नको झालं की डबा फेकून द्या, लॅपटॉपवर डागसुद्धा राहत नाही. इन्स्टॉलर, सर्व्हिस, रजिस्ट्री हे सगळं मागच्या जन्मीचं.

काजळी
डागही राहत नाही आणि डेटाही राहत नाही. व्हॉल्यूम (डेटाची डब्याबाहेरची जागा) न लावता डबा काढला की आतलं सगळं गेल्यात जमा. मी तर व्हॉल्यूम लावला होता, आणि एका दुपारी साफसफाईच्या भरात 'डॉकर कंपोज डाउन'ला मागे '-व्ही' जोडलं. ते व्ही म्हणजे 'व्हर्बोज' (सविस्तर सांग) असेल असं माझ्या डोक्यात. ते व्हॉल्यूमचं होतं. तीन आठवड्यांचं काम एका अक्षरात.

डबाबंद
ते अक्षर तुम्ही टाइप केलं, डॉकरने नाही.

काजळी
सुरीही मीच धरलेली असते, म्हणून नवशिक्याच्या हातात पहिल्या दिवशी देत नाहीत.

खडूफळा
भांडा तुम्ही. नवशिकीताई, तोवर आपण दार उघडू. पासवर्ड विसरल्यावर करायचा नेहमीचा उपाय असा:

प्रोग्राम फाइल्समधल्या पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरात १७, त्यात डेटा, त्यात पीजी_एचबीए.कॉन्फ नावाची फाइल. कोण कुठून आलं तर काय विचारायचं हे त्यात लिहिलेलं असतं, सोसायटीच्या वॉचमनची वहीच ती. आधी तिची कॉपी काढून ठेवा. मग नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून ती उघडा. शेवटच्या ओळींमध्ये १२७.०.०.१ च्या आणि त्याखालच्या ::१ च्या (दोन्ही म्हणजे हाच लॅपटॉप) ओळीपुढे 'स्क्रॅम-शा-२५६' (म्हणजे पासवर्ड विचार) असेल, दोन्ही ठिकाणी तिथे 'ट्रस्ट' लिहा. सेव्ह. मग विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन पोस्टग्रेस रीस्टार्ट. आता पासवर्ड न विचारता आत घेईल. आत गेल्या गेल्या 'ऑल्टर युजर पोस्टग्रेस पासवर्ड' ने नवीन पासवर्ड घाला, आणि मग फाइल परत पहिल्यासारखी करा. हे शेवटचं विसरायचं नाही. ट्रस्ट म्हणजे दार सताड उघडं.

उंबरठा
अवांतर: तुम्ही लोक एसक्यूएल म्हणता की सीक्वेल? आमच्याकडे यावरून दोन गट आहेत.

जुनं_खोड
सीक्वेलवाल्यांची बाजू जुनी आहे. १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी भाषा मांडली तेव्हा तिचं नाव सीक्वेलच होतं. ते नाव दुसऱ्या कोणाचा ट्रेडमार्क निघालं म्हणून छाटून एसक्यूएल केलं. मी मात्र एसक्यूएल म्हणतो, कारण पोस्टग्रेससीक्वेल म्हणून बघा एकदा, जीभ अडखळते.

अर्धविराम
नुसतं पोस्टग्रेस म्हणा, भांडणच मिटलं.

नवशिकी
खडूफळा सर, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. फाइल बदलली, ट्रस्ट लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. मग डीबीव्हर. परत तेच, पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड!! फाइल परत उघडून बघितली, सेव्ह झालीये. आता मला वाटतंय की लॅपटॉपचं माझ्याशी वैयक्तिक वैर आहे.

टोळभैरव
एसक्यूलाइट... (एवढंच बोलून गप्प बसतो)

खडूफळा
थांबा थांबा. ट्रस्ट केल्यावर पोस्टग्रेस पासवर्ड तपासतच नाही. मग 'पासवर्ड चुकीचा' असं म्हणेलच कसं? जो तपासतोय तो दुसराच कोणीतरी आहे. ताई, तुम्ही ज्या वॉचमनची वही बदललीत, तो या दारावर उभाच नाहीये.

दोन गोष्टी बघून सांगा. त्याच डेटा फोल्डरात पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ आहे, त्यात 'पोर्ट' शोधा, काय आकडा आहे? आणि सर्व्हिसेसच्या यादीत पोस्टग्रेस नावाने किती ओळी दिसतात?

नवशिकी
पोर्ट ५४३३.
आणि सर्व्हिसेसमध्ये दोन आहेत. एकापुढे १६, एकापुढे १७. मी तर १७ च टाकलं होतं! रीस्टार्ट करताना मी १७ वालं केलं, १६ कडे लक्षच गेलं नाही.

नवशिकी
अय्या. भाचा. गेल्या वर्षी त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माझ्या लॅपटॉपवर 'काहीतरी' टाकलं होतं.

खडूफळा
सापडला. पोस्टग्रेसचा ठरलेला पोर्ट ५४३२. भाच्याचं १६ तिथे वर्षभर बसून आहे. तुमचं १७ आलं, इन्स्टॉलरने पाहिलं की जागा भरलीये, म्हणून त्याने पुढची जागा सुचवली, ५४३३, आणि तुम्ही नेक्स्ट म्हणालात. डीबीव्हर न सांगता ५४३२ वरच जातो. म्हणजे इतके दिवस तुम्ही स्वतःच्या घराची किल्ली शेजाऱ्याच्या कुलपात फिरवत होता.

आणि दोनदा काढून परत टाकलंत त्याचाही उपयोग नव्हता. अनइन्स्टॉल केलं तरी डेटा फोल्डर तसाच मागे राहतो (मुद्दाम, कोणाचा डेटा उडू नये म्हणून), आणि जुना पासवर्ड त्याच्याच आत असतो. दुसऱ्यांदा टाकताना तोच फोल्डर परत वापरला गेला असणार.

डीबीव्हरमध्ये पोर्ट ५४३३ करा, सध्या ट्रस्ट आहे तोवर आत जा, पासवर्ड बदला, ट्रस्ट काढा.

नवशिकी
गेलेएएए आत! पासवर्ड बदलला. ट्रस्ट काढून स्क्रॅम परत लिहिलं, रीस्टार्ट केलं, पासवर्ड मागितला आणि घेतलासुद्धा. सर, तुमचे आभार कसे मानू.

भुईनळा
खडूफळा, हे एकदम गुप्तहेरी काम झालं. वाचनखूण साठवली.

लिनक्सवरही हेच होतं बरं का. डेबियन-उबुंटूवर नवी मोठी आवृत्ती जुन्याच्या शेजारी बसली की ती ५४३३ घेते. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' मारलं की कोण कुठे बसलंय याची यादी येते. आणि तिथे नव्या माणसाला पहिली ठेच 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' ची लागते. पासवर्ड चुकलाय असं वाटतं, पण मुळात पासवर्डचा प्रश्नच नसतो, लिनक्सचा युजर आणि पोस्टग्रेसचा युजर एकाच नावाचे नाहीत एवढंच ते सांगत असतं. 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' म्हटलं की गप्प.

उंबरठा
मॅकवर होमब्रूने टाकलं तर 'पोस्टग्रेस' नावाचा युजरच नसतो, तुमच्या लॉगिनच्या नावाचा असतो. मी दोन दिवस नसलेल्या माणसाचा पासवर्ड शोधत होते.

नवशिकी
आता भाच्याचं १६ उडवू का?

जुनं_खोड
आधी भाच्याला विचारा. त्याचा डेटा लागत असेल तर १६ चालू असतानाच 'पीजी_डम्प' काढा, ती कमांड सगळा डेटा एका फाइलीत उतरवून देते. नुसता डेटा फोल्डर उचलून ठेवलात तर १७ तो उघडणार नाही, मोठी आवृत्ती बदलली की आतली मांडणी बदलते. आणि चालू सर्व्हरचा फोल्डर कॉपी-पेस्ट करणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळ्यांसाठीच. नको असेल तर अनइन्स्टॉल करून डेटा फोल्डर हाताने डिलीट करा. डिलीट करताना १६ चाच आहे ना हे दोनदा वाचा.

नवशिकी
विचारलं. तो म्हणतो 'मावशी ते अजून आहे?' उडवलं.

आता पुढचा डोंगर. डीबीव्हरमधून एक्सेलची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल) आत घ्यायला लावली तर फारच रेंगाळतंय. ऑफिसातला मुलगा म्हणाला काळ्या खिडकीतून 'कॉपी' कमांड वापरा. ती वापरली तर 'परमिशन डिनाइड'. फाइल माझी, लॅपटॉप माझा, परवानगी कोणाची?

भुईनळा
नुसतं 'कॉपी' म्हटलं की फाइल सर्व्हर उघडतो, तुम्ही नाही. आणि सर्व्हर विंडोजच्या वेगळ्या खात्याखाली चालतो, त्याला तुमच्या डेस्कटॉपवर प्रवेश नाही. पुढे उलटी तिरकी रेघ लावून '\कॉपी' म्हणा, मग पीएसक्यूएल (तुमची ती काळी खिडकी) तुमच्या हक्काने फाइल वाचतो. आणि सभासद क्रमांक असेल तर तो कॉलम टेक्स्ट ठेवा, ००४१७ चं ४१७ होतं नाहीतर. एक्सेलनेच आधी शून्यं खाल्ली नाहीत ना तेही बघा.

नवशिकी
शून्यं शाबूत आहेत, मी कधीच टेक्स्ट करून ठेवलेत, हिशेबवाली आहे म्हटलं ना. पण \कॉपीने आता वेगळंच आलं: '०एक्स८डी' असा बाइट 'विन१२५२' मध्ये आहे, 'यूटीएफ८' मध्ये त्याला जोड नाही. पहिली ओळ गेली, दुसऱ्या ओळीवर अडलं. पहिल्या ओळीत 'कमल' आहे, दुसऱ्या ओळीत 'लक्ष्मी'. मराठीशी वाकडं आहे का याचं?

खडूफळा
वा! हा एरर मला मनापासून आवडतो. वाकडं मराठीशी नाही, पाय मोडण्याशी आहे.

यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत मांडायची आजची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. आपला हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण, तिचे तीन बाइट ई० ए५ ८डी. विंडोजवर पीएसक्यूएल बऱ्याचदा असं धरून चालतो की समोरची फाइल जुन्या विन१२५२ मध्ये आहे, आणि त्या तक्त्यात ८डी या जागेवर अक्षरच नाही. 'कमल'मध्ये जोडाक्षर नाही म्हणून ती सुटली, 'लक्ष्मी'त दोन हलंत, अडकली. (सुटली म्हणजे बरोबर गेली असं नाही, असा अडणारा बाइट कुठेच नसता तर सगळी फाइल गिचमिड होऊन आत गेली असती आणि तुम्हाला नंतर कळलं असतं. एररचे आभार माना. \कॉपी मधे अडली की आधीच्या ओळीही ठेवत नाही, त्यामुळे साफ करायचंही काही नाही.)

पीएसक्यूएलमध्ये आधी '\एन्कोडिंग यूटीएफ८' मारा, मग \कॉपी. आणि एक्सेलमधून सेव्ह करताना साधी सीएसव्ही नव्हे, 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडलेली असू द्या, साध्यात मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

काजळी
शाळेत जोडाक्षरांनी छळलं, आता इथेही.

नवशिकी
गेलं!! सगळं आत गेलं, तेही मी पाण्याची बाटली भरून आणेपर्यंत. पण नावं लावून बघितली तर काळे आधी येतात आणि कावळे, कासार नंतर. आमच्या छापील यादीत काळे शेवटी असतात.

जुनं_खोड
यादी बरोबर, क्रम लावणारा चूक. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय. मराठी कोशात तो ह च्या नंतर येतो, मग क्ष, ज्ञ. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयूची कोलेशनं (भाषेनुसार क्रम लावायचे नियम) मिळतात, त्यात मराठीचंही आहे. 'ऑर्डर बाय आडनाव' नंतर कोलेट आणि दुहेरी अवतरणात "एमआर-एक्स-आयसीयू" लिहा. मायएसक्यूएलचं ठरलेलं कोलेशन हे करत नाही, नवशिकीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर हेही.

उंबरठा
हे माहीतच नव्हतं. धागा वाचल्याचं सार्थक झालं.

डबाबंद
(हे सगळं डबाबंद पोस्टग्रेसमध्येही चालतं हे नम्रपणे नोंदवतो. फक्त पोर्ट बाहेर काढताना आधी १२७.०.०.१ लिहा. लिनक्सवर डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून जातो.)

काजळी
हे मात्र खरं. +१

टोळभैरव
तिघींना भरायचंय म्हणाला होता ना, मग दुसऱ्या मशीनवरून जोडायला पीजी_एचबीए मध्ये त्यांची ओळ घालावी लागेल. नेटवर सापडणारी '०.०.०.०/० ट्रस्ट' वाली ओळ चुकूनही चिकटवू नका. तिचा अर्थ जगातल्या कोणीही या, पासवर्ड नको. फक्त तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता आणि स्क्रॅम. आणि तिघींना तीन वेगळे युजर, 'पोस्टग्रेस' कोणालाच नाही. 'नंतर बघू' कोणी लिहिलं ते कळेल.

नवशिकी
टोळभैरव, तुम्ही एसक्यूलाइटवाले असून!

टोळभैरव
मनाचा मोठेपणा.

जुनं_खोड
आणि बॅकअप. रोज पीजी_डम्प, दुसऱ्या डिस्कवर, आणि महिन्यातून एकदा तो खरंच परत उघडतोय का ते रिकाम्या डेटाबेसमध्ये टाकून बघायचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी) चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर उडवला गेला. बॅकअप शोधायला गेले तर पीजी_डम्प ९.२ चा आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे डम्प कधीपासून फेल होत होता, आणि फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते. साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं. तुमच्याकडे आत्ता १६ चा आणि १७ चा असे दोन पीजी_डम्प असतील म्हणून सांगतोय.

नवशिकी
१६ उडवलं काका, आता एकच. बॅकअपचं आज संध्याकाळीच करते, एक्सेलची मूळ फाइलही ठेवली आहे.

एक शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. काळ्या खिडकीत 'सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम नोंदी' लिहून एंटर मारलं. उत्तरच येत नाही. एरर नाही, काही नाही, नुसती पुढच्या ओळीवर जाऊन बसते. आधी 'पोस्टग्रेस=#' दिसायचं, आता 'पोस्टग्रेस-#' दिसतंय. दहा वेळा एंटर मारलं. परत काही बिघडवलं का मी?

अर्धविराम
;

नवशिकी
४,५२,३०८.
तुमच्या आयडीचा अर्थ आत्ता कळला.